क्योतोचे सण, सुट्ट्या आणि आपण

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी बोलावयास उभा आहे. मी काही व्याख्याता नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून आहे. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट मात्र तोंडपाठ असते, ती म्हणजे सुट्ट्यांची यादी. त्या यादीत चौदा एप्रिल कुठल्या वारी येतो आणि बुद्ध पौर्णिमा कुठल्या वारी येते, हे आम्ही सर्वांत आधी पाहतो. रविवारी आली तर एक सुट्टी बुडाली म्हणून हळहळतो. सुट्टी बुडाली याचे दुःख आम्हाला जितके होते, तितका विचार त्या दिवशी काय करावयाचे याचा आम्ही करतो का, हा प्रश्न मला परदेशात गेल्यावर पडला. आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाविषयी आहे.

२०१८ साली माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा उच्च शिक्षणासाठी जपानमधील क्योतो शहरात होता. त्याच्या आग्रहामुळे आणि पतपेढीच्या कर्जामुळे ऑगस्ट महिन्यात पंधरा दिवस मला तेथे राहावयास मिळाले. क्योतो म्हणजे सन ७९४ पासून १८६८ पर्यंतची जपानची राजधानी. तीन बाजूंना डोंगर, मधून वाहणारी कामो नदी आणि जिकडे पाहावे तिकडे विहार. नागपूरला कर्मभूमी मानणाऱ्या भदन्त सुरेई ससाईंमुळे जपान हे नाव आपल्या घराघरांत पोहोचलेले आहे. त्यामुळे आपण एका बौद्ध देशात आलो, या आनंदात मी होतो.

भाच्याच्या खोलीत भिंतीवर दिनदर्शिका होती. सवयीप्रमाणे मी आधी लाल तारखा पाहिल्या. त्याला म्हटले, ‘यातली बुद्धजयंती दाखव बघू.’ तो हसून म्हणाला, ‘मामा, बुद्धजयंती आठ एप्रिलला असते, पण ती लाल नाही. इथे त्या दिवशी बँका चालू असतात.’

मित्रहो, मला धक्काच बसला. महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेला सुट्टी आहे आणि जपानमध्ये नाही! मग हे लोक सुट्टी देतात तरी कशाला? पंधरा दिवस मी भाच्याला हेच विचारीत राहिलो आणि परत आल्यावरही वाचीत राहिलो. त्यातून जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम सरकारी सुट्ट्यांविषयी. जपानमध्ये राष्ट्रीय सुट्ट्यांचा एक स्वतंत्र कायदा आहे. तो जुलै १९४८ मध्ये झाला. आज त्या यादीत सोळा सुट्ट्या आहेत. प्रत्येक सुट्टी कशासाठी हे त्या कायद्यातच एकेका वाक्यात लिहिलेले आहे. युद्धापूर्वीच्या बहुतेक सुट्ट्या सम्राट, त्याचे पूर्वज आणि राजवाड्यातील पूजा यांच्याशी बांधलेल्या होत्या. युद्धात देश होरपळला, नवे संविधान आले आणि त्या संविधानाने राज्य आणि धर्म वेगळे केले. तेव्हा त्यांनी अनेक जुन्या तारखा ठेवल्या, पण त्यांचा अर्थ बदलला.

उदाहरणे पाहा. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत दिवस आणि रात्र सारखे होतात, ते दोन संपातदिन. पूर्वी या दिवशी सम्राटाच्या पूर्वजांची पूजा होत असे. आता कायदा म्हणतो, वसंत संपाताचा दिवस निसर्गाची थोरवी ओळखण्याचा आणि सजीवांवर माया करण्याचा आहे, तर शरद संपाताचा दिवस पूर्वजांचा आदर आणि दिवंगतांचे स्मरण करण्याचा. कोणाच्या पूर्वजांचा? सर्वांच्या. तेवीस नोव्हेंबरला सम्राट नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत असे. त्याच दिवसाला आता श्रमाबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याचा दिवस म्हणतात. तीन नोव्हेंबर हा मेइजी सम्राटाचा जन्मदिवस होता. त्या तारखेला १९४६ मध्ये नवे संविधान जाहीर झाले आणि पुढे तो संस्कृतिदिन झाला. संविधान प्रत्यक्ष अमलात आले ३ मे १९४७ रोजी, तो संविधान स्मृतिदिन. म्हणजे संविधानासाठी जपानी माणसाला चक्क सुट्टी मिळते. आपण २६ नोव्हेंबर हा संविधान दिन २०१५ पासून सरकारी पातळीवर पाळतो, पण ती सार्वजनिक सुट्टी नाही.

याखेरीज पाच मे हा बालदिन आहे. सप्टेंबरचा तिसरा सोमवार वृद्धांच्या सन्मानाचा आहे. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सज्ञान झालेल्या तरुण-तरुणींचा समारंभ असतो, त्याच सुमारास क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो या विहारात तरुण मुली पारंपरिक पोशाखात धनुर्विद्येच्या स्पर्धेला उतरतात. त्या विहारात अवलोकितेश्वराच्या एक हजार एक मूर्ती आहेत. आमच्या बँकवाल्यांच्या आवडीची गोष्टही सांगतो. राष्ट्रीय सुट्टी रविवारी आली तर तेथे पुढचा कामाचा दिवस सुट्टी म्हणून मिळतो, १९७३ पासून तसा नियम आहे. बँका एकतीस डिसेंबर ते तीन जानेवारी बंद असतात. मात्र अर्धा देश गावी जातो त्या ऑगस्टच्या ओबोन सणात बँका उघड्याच!

सगळेच बदलले असेही नाही. अकरा फेब्रुवारी हा पुराणातल्या पहिल्या सम्राटाच्या राज्यारोहणाचा दिवस १९४८ मध्ये यादीतून काढला होता. तो १९६७ पासून राष्ट्रस्थापना दिन म्हणून परत आला. त्यावर तेव्हा वाद झाला आणि आजही होतो. यावरून एक समजते, की सुट्ट्यांची यादी आकाशातून पडत नाही. कोणता दिवस लाल करावयाचा हे माणसे ठरवितात, भांडतात, बदलतात.

आता जे दिवस लाल नाहीत त्यांच्याकडे येतो. बुद्धाचे तीन दिवस जपानमध्ये वेगवेगळे पाळतात. महापरिनिर्वाण दिन फेब्रुवारी किंवा मार्च महिन्याच्या पंधरा तारखेला. मार्चच्या मध्यास क्योतोच्या तोफुकुजी विहारात महापरिनिर्वाणाचे १४०८ साली रंगविलेले एक प्रचंड चित्र दर्शनासाठी लावतात. तथागत दोन शालवृक्षांच्या मध्ये पहुडलेले आहेत, भोवती भिक्षू, राजे आणि पशुपक्षी शोक करीत आहेत. अशा चित्रांत सहसा नसणारे मांजर या चित्रात आहे, म्हणून ते प्रसिद्ध आहे. आठ एप्रिलला जन्मोत्सव. फुलांनी सजवलेल्या लहानशा मंडपात बालबुद्धाची मूर्ती ठेवतात आणि येणारा प्रत्येकजण तिच्यावर पळीने गोड काढा घालतो. आठ डिसेंबरला संबोधीचा दिवस. त्याच्या आगेमागे क्योतोच्या सेनबोन शाकादो विहारात मोठमोठ्या कढयांत मुळा शिजवितात आणि थंडीत कुडकुडणारे लोक वाफाळत्या फोडी खातात. यांपैकी एकाही दिवशी सुट्टी नाही. लोक कामावर जातात आणि वेळ काढून विहारात येतात.

एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री विहाराविहारांतून घंटेचे एकशे आठ टोल पडतात. मनाचे एकशे आठ क्लेश मोजून एकेक बाजूला ठेवावयाचा, ही त्यामागची कल्पना. चिओनइन विहारातील घंटा १६३६ साली ओतलेली आहे, तिचे वजन सुमारे सत्तर टन. सतरा भिक्षू दोर ओढून तिचा टोल वाजवितात.

संपाताच्या मागचे-पुढचे तीन तीन दिवस धरून एक आठवडा ‘हिगान’ असतो. हिगान म्हणजे पलीकडचा तीर. आपण ज्याला पारमिता म्हणतो त्याच अर्थाचा शब्द. त्या आठवड्यात लोक कुटुंबासह स्मशानभूमीत जातात, घराण्याची समाधी पाण्याने धुतात, गवत उपटतात, फुले ठेवतात. घरी भाताच्या गोळ्यावर गोड चवळीसारख्या लाल कडधान्याचे पुरण लावून खातात. म्हणजे इथे सरकारची सुट्टी आणि लोकांचा बौद्ध आचार एका दिवशी भेटतात.

क्योतोचा सर्वांत मोठा सण म्हणजे जुलै महिनाभर चालणारा गिओन मात्सुरी. ‘गिओन’ हे नाव कुठून आले माहीत आहे का? अनाथपिंडिकाने भगवंतांना दान दिलेल्या श्रावस्तीच्या जेतवनाचे ते जपानी नाव. सन ८६९ मध्ये रोगाची साथ आली. तेव्हा देशातील सहासष्ट प्रांतांसाठी सहासष्ट भाले उभारून ती शांत व्हावी म्हणून विधी केला, तेथून हा सण सुरू झाला असे मानतात. ज्या देवस्थानाचा हा सण, त्याचे नावही गिओन होते. तेथे बुद्ध आणि शिंतो देव एकत्र नांदत होते. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला, जेतवनाचे नाव पुसले आणि यासाका देवस्थान असे नाव दिले. तरी लोकांच्या तोंडी गिओनच राहिले. सरकारी हुकुमाने पाटी बदलते, लोकांची जीभ बदलत नाही.

सतरा जुलैला तेवीस आणि चोवीस जुलैला अकरा, असे चौतीस रथ मिरवतात. मोठ्या रथाचे वजन बारा टनांपर्यंत असते आणि त्याचा सांगाडा खिळे न मारता दोराने बांधलेला असतो. त्यांच्यावर लावलेल्या वस्त्रांत बेल्जियमचे जुने विणकाम आहे, तसे भारतीय गालिचेही आहेत. २००९ मध्ये युनेस्कोने या मिरवणुकीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. मला यात महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. हे रथ सरकारचे नाहीत, एखाद्या शेठजीचेही नाहीत. प्रत्येक रथ एका गल्लीचा, म्हणजे तेथील वस्तीचा आहे. रथ जपणे, बांधणे, वाद्ये शिकविणे, हिशेब ठेवणे हे सारे त्या वस्तीने करावयाचे. १४६७ साली सुरू झालेल्या दहा वर्षांच्या यादवी युद्धात क्योतो जळून खाक झाले. सण बंद पडला आणि लोकांनी तो १५०० साली परत उभा केला. १५३३ मध्ये राज्यकर्त्यांनी देवस्थानाचा विधी थांबविला, तेव्हा क्योतोच्या नागरिकांनी कळविले की विधी नसला तरी चालेल, आमचे रथ निघाले पाहिजेत. एक रथ १८२६ च्या वादळात मोडला होता, तो १९६ वर्षांनंतर २०२२ मध्ये पुन्हा मिरवणुकीत आला. रोग टळावा म्हणून सुरू झालेली ही मिरवणूक २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे थांबवावी लागली, हेही सांगितले पाहिजे. साथ विधीने जात नाही, हे लोकांनी ओळखले आणि घरी बसले. यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.

पण विद्यार्थी मित्रांनो, इथेच आपण डोळे उघडे ठेवले पाहिजेत. परंपरेने या रथांवर स्त्रियांना चढू देत नसत. अलीकडे काही रथांनी स्त्रियांना वादक म्हणून घेतले आहे, सर्वांनी नाही. आणखी एक गोष्ट. मध्ययुगात या देवस्थानाशी जोडलेला ‘इनुजिनिन’ नावाचा एक वर्ग होता. आवारातील घाण आणि मृतदेह दूर करणे हे त्यांचे काम आणि समाजात त्यांचे स्थान हीन. पण सणाच्या मिरवणुकीत पुढे चालून वाट शुद्ध करावयाची तीही त्यांनीच. हे वाचले तेव्हा मला आपल्या वाडवडिलांच्या हातातली येसकराची काठी आठवली. गावचे मेलेले ढोर ओढणारा तोच आणि गावच्या सणात ज्याच्यावाचून अडते तोही तोच. काम हवे, माणूस नको.

आता ओबोन. हा दिवंगतांचा सण, क्योतोत तो ऑगस्टच्या मध्यास असतो. मी गेलो तो याच दिवसांत. ओबोनचे मूळ सांगतात ते आपल्या महामोग्गल्लान थेरांच्या नावाने. जपानी लोक त्यांना मोकुरेन म्हणतात. मोग्गल्लानांनी आपल्या मृत आईला दुःखात तळमळताना पाहिले. तिला अन्न देऊ गेले तर त्याचा विस्तव झाला. तेव्हा भगवंतांनी सांगितले, वर्षावास संपेल त्या दिवशी संघाला दान दे. ही कथा या रूपात पालि तिपिटकात नाही, चीन आणि जपानच्या महायान परंपरेत ती वाढली. पण तिचा धागा आपल्या वर्षावासालाच बांधलेला आहे. आपण आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन करतो, त्याच वर्षावासाच्या समाप्तीचा हा सण.

जपानमध्ये समजूत अशी की या दिवसांत मृतांचे आत्मे घरी येतात. सात ते दहा ऑगस्टला लोक रोकुदो चिन्नोजी विहारात जाऊन घंटा वाजवून त्यांना बोलावितात. सोळा तारखेला रात्री त्यांना निरोप देण्यासाठी शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर अग्नी पेटवितात. ठीक आठ वाजता पूर्वेच्या डोंगरावर ‘मोठा’ या अर्थाचे अक्षर उजळते. त्यासाठी पंचाहत्तर ठिकाणी लाकडे रचतात, अक्षराचा सर्वांत लांब फराटा एकशे साठ मीटरचा. मग दुसऱ्या डोंगरावर ‘सद्धर्म’ या अर्थाची दोन अक्षरे. ती सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावातली. मग नावेचा आकार, पुन्हा एकदा ‘मोठा’ हे अक्षर आणि शेवटी शिंतो देवस्थानाच्या कमानीचा आकार. ही लाकडे वाहण्याचे काम डोंगराच्या पायथ्याची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करतात. युद्धकाळात आग पेटविण्यास बंदी होती. तेव्हा १९४३ मध्ये शाळेची मुले आणि नागरिक पांढरे सदरे घालून सकाळी डोंगरावर चढले आणि स्वतःच्या शरीरांनी ते अक्षर उभे केले.

त्या दिवशी सकाळी भाचा मला डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेला. तेथे लाकडाच्या पट्ट्या मिळतात. थोडी देणगी द्यावयाची, पट्टीवर आपल्या दिवंगत माणसाचे नाव लिहावयाचे आणि ती रात्रीच्या अग्नीत जाते. मी एक पट्टी घेतली आणि माझ्या आजीचे नाव देवनागरीत लिहिले. लिहून झाल्यावर भाचा हळूच म्हणाला, ‘मामा, हे बावीस प्रतिज्ञांत बसते का?’

मी थांबलो. आपल्या घरातला तो जुना वाद मला आठवला. आजोबांनी धर्मांतरानंतर घरातला देव्हारा उचलला. पण आजी भाद्रपदात सर्वांची नजर चुकवून परसात भाताचा एक घास ठेवीत असे. आजोबांना कळले की घरात तंटा होई. आजोबा म्हणत, चौदा ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडावयास लावले, तू ते परत आणू नकोस. आजी म्हणे, मी बामणाला बोलावले नाही, माझ्या आईला घास ठेवला. मी तेव्हा लहान होतो, मला दोघांचेही खरे वाटे.

मित्रहो, माझी पट्टी मी अग्नीला दिली नाही. खिशात ठेवली. रात्री कामो नदीच्या काठावर हजारो लोकांत उभे राहून मी तो अग्नी पाहिला. आसपासचे दिवे मंदावले होते. शेजारच्या एका वृद्ध बाईने हात जोडले, डोळे पुसले. तिच्या श्रद्धेची चेष्टा माझ्या मनात आली नाही. पण अग्नीतून आजीपर्यंत काही पोहोचते असे मानावयास माझे मन तयार झाले नाही. प्रतिज्ञा तोंडाने घेतलेली होती, तिचा अर्थ मला त्या रात्री समजला. आठवण काढण्यास बाबासाहेबांनी कधीच मनाई केली नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाला लुबाडणारी व्यवस्था त्यांनी मोडली. आपल्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, तेव्हा आपण दिवंगताच्या गुणांची आठवण करतो आणि दान देतो. मोग्गल्लानांच्या कथेतही भगवंत शेवटी दानच सांगतात.

जपान बौद्ध आहे म्हणून तेथे सारे मंगल आहे, असे मात्र कोणी समजू नये. जपानमध्येही एक समाज पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानला गेला. चामड्याची, मेलेल्या जनावरांची कामे त्यांच्याकडे होती. त्यांच्या वस्त्यांवरून त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ च्या सरकारी आदेशाने हा दर्जा रद्द केला, पण भेदभाव गेला नाही. यांतील बहुसंख्य लोक बौद्धच होते. काही विहारांनी या समाजातील मृतांना दिलेली मरणोत्तर नावेसुद्धा हीनता दाखविणारी होती आणि ती समाधीच्या दगडांवर कोरलेली सापडली. म्हणजे ओबोनला, हिगानला ज्या दगडावर पाणी घालावयाचे, त्या दगडावरच अपमान कोरलेला! पुढे त्या समाजाच्या चळवळीमुळे पंथांना चूक कबूल करावी लागली आणि नावे सुधारावी लागली.

ही चळवळ सुरू झाली ती क्योतोतच. बावीस ऑक्टोबरला तेथे जिदाइ मात्सुरी नावाचा सण असतो. राजधानीच्या अकराशे वर्षांनिमित्त १८९५ मध्ये तो सुरू झाला. वेगवेगळ्या काळांतले पोशाख केलेली सुमारे दोन हजार माणसे मिरवत ओकाझाकी भागातल्या हेइआन देवस्थानाकडे जातात. सरदार असतात, राजस्त्रिया असतात. त्याच ओकाझाकी भागातील सभागृहात ३ मार्च १९२२ रोजी बुराकुमिन समाजाने ‘सुइहेइशा’ म्हणजे समतल करणाऱ्यांची संघटना स्थापन केली. त्यांचा जाहीरनामा लिहिणारे साइको मान्किची हे एका बौद्ध विहाराच्या घरात जन्मलेले होते. तीन मार्च हा जपानमध्ये मुलींचा, बाहुल्यांचा सण. घरोघरी लाल पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, सर्वांत वर राजा-राणी आणि खाली उतरत्या क्रमाने चाकर. त्याच दिवशी काही माणसांनी म्हटले की ही उतरंड आम्हाला मान्य नाही. आणि तेही १९२२ मध्ये, म्हणजे आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. हा दिवस जपानच्या सुट्ट्यांच्या यादीत नाही. २०१६ मध्ये बुराकु भेदभाव दूर करण्यासाठी तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून प्रश्न अजून संपलेला नाही हे उघड आहे.

ओबोनच्या अग्नीतही माणसामाणसांतली भीती एकदा दिसून आली. मार्च २०११ च्या त्सुनामीत रिकुझेन्ताकाता गावातील समुद्रकाठचे पाइन वृक्ष उन्मळून पडले. त्या लाकडांवर मृतांची नावे लिहून ती क्योतोच्या अग्नीत घालावयाचे ठरले. किरणोत्साराच्या भीतीने विरोध झाला, बेत रद्द केला. त्यावर देशभर टीका झाली, तेव्हा दुसरी लाकडे मागविली. पण त्यांच्या सालीत खरोखरच सीझियम आढळले आणि बेत पुन्हा रद्द झाला. कोणाची चूक हे मी ठरवीत नाही. मात्र दुःखी माणसांना आधी ‘या’ म्हणून मग ‘नको’ म्हणणे, हे किती लागत असेल, हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही.

शेवटची एक आठवण. ओबोननंतरच्या शनिवारी भाच्याच्या गल्लीत ‘जिझोबोन’ होते. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, लहान मुलांचा रक्षक. त्याची छोटी दगडी मूर्ती क्योतोच्या गल्लीगल्लीत असते. त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी मूर्ती धुतली, चटया अंथरल्या. मुले गोल बसली आणि एक भलीमोठी जपमाळ सर्वांच्या हातांतून फिरली. मग खाऊ आणि खेळ. लाउडस्पीकर नाही, वर्गणीची सक्ती नाही, पुढाऱ्याचा फलक नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना प्रत्येक मुलाचे नाव ठाऊक होते. सुट्टी नसलेला, कुठल्याही यादीत नसलेला हा सण मला सर्वांत आवडला.

आता मी माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. बुद्धजयंतीची सुट्टी आपल्याला मिळाली, चौदा एप्रिलची मिळाली, त्यामागे लोकांची मागणी आणि लढा आहे. ती आपण जपलीच पाहिजे. पण दिवस लाल झाला म्हणजे काम संपले नाही. जपानने जुन्या तारखांना नवा अर्थ लिहून दिला. आपणही आपल्या मंडळात प्रत्येक दिवसासमोर एक वाक्य लिहावे, की हा दिवस कशासाठी. त्या दिवशीचा खर्च त्या वाक्याला धरून आहे का, हे हिशेब तपासणाऱ्याने पाहावे. मी बँकेतला माणूस आहे, मला हिशेबाचीच भाषा येते. सव्वीस नोव्हेंबरला सुट्टी नसली तरी संध्याकाळी विहारात संविधान वाचता येते. जपानचे लोक आठ एप्रिलला कामावरून सुटून विहारात जातातच की. आणि तीन मार्चला आपल्या मुलांना क्योतोच्या त्या सभेविषयी सांगावे, म्हणजे आपण एकटे नव्हतो हे त्यांना कळेल.

आजीच्या नावाची ती पट्टी आज माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटात आहे. आजीला अक्षरओळख नव्हती, तिने स्वतःचे नाव कधी वाचले नाही. परत आल्यावर तिच्या स्मृतिदिनी मी आपल्या अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षांची काही पुस्तके दिली. रक्कम मोठी नव्हती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचे नाव आहे. परवा एक मुलगी मला विचारीत होती, ‘काका, या बाई कोण?’ मी तिला आजीची सगळी गोष्ट सांगितली, परसातल्या घासासकट.

 

नमो बुद्धाय! जय भीम!